अभ्यास मंडळांना खुले पत्र : उद्दिष्टांचा रकाना आधी भरा

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या संगणकशास्त्र, संगणक अभियांत्रिकी व माहिती तंत्रज्ञान अभ्यास मंडळांचे सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य



राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमांची फेररचना आपल्या विद्यापीठांत एकेका वर्षाने पुढे सरकते आहे. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम झाला की दुसऱ्याच्या बैठका लागतात, मग तिसऱ्याच्या. या बैठका कशा चालतात हे मला ठाऊक आहे, कारण विषयवार अभ्यासक्रम लिहिणाऱ्या उपसमित्यांत मीही बसले आहे. युनिट किती, क्रेडिट किती, प्रत्येक युनिटला तास किती, प्रॅक्टिकलची यादी केवढी, पुस्तके कोणती, यात दिवस मावळतो. प्रत्येक विषयाच्या माथ्यावर ‘उद्दिष्टे’ असा एक रकाना असतो. तो सगळ्यात शेवटी भरला जातो आणि बहुतेक वेळा मागच्या अभ्यासक्रमातून उचलून भरला जातो. अमुक संकल्पनांची ओळख करून देणे, तमुक तंत्रांचे ज्ञान देणे, अशी चार वाक्ये. विद्यार्थी ती वाचत नाहीत, शिक्षक वाचत नाहीत, पेपर काढणारेही वाचत नाहीत. हे पत्र त्या रकान्याविषयी आहे.

अभियांत्रिकीची चार वर्षे किंवा बीएस्सी, बीसीएची तीन वर्षे विद्यापीठात संगणक शिकलेल्या मुलीला असे काय यायला हवे, जे सहा महिन्यांच्या क्लासमधून येत नाही? या प्रश्नाला आपल्याकडे सरळ उत्तर नसेल, तर तिच्या आईवडिलांकडून इतक्या वर्षांची फी घेण्याचा आपल्याला अधिकार पोचत नाही.

सगळ्यांच्या ओठांवर असलेले उत्तर म्हणजे नोकरी. मी त्याला नाक मुरडणार नाही. माझ्या वर्गात जालन्याहून, धाराशिवहून, नंदुरबारहून आलेली मुले असतात. शिक्षण संपले की वर्षभराने त्यांच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होतो. अशा मुलासमोर ज्ञानासाठी ज्ञान असे प्रवचन झोडणे मला शोभणार नाही. पण नोकरी हे उत्तर जरा तपासून पाहा. आपल्या कॅम्पसला येणाऱ्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलची मुलेही घेतात. नव्याने लागलेल्यांना शिकवण्यासाठी इन्फोसिसने म्हैसूरला अख्खा परिसर उभा केला, टीसीएसचे तिरुअनंतपुरमला तसेच केंद्र आहे. सिव्हिलचा मुलगा तिथे काही महिन्यांत जावा शिकतो आणि प्रोजेक्टवर जातो. म्हणजे पहिल्या नोकरीपुरते जे लागते ते काही महिन्यांत शिकवता येते, हे कंपन्यांनीच दाखवून दिले आहे. मग आपण तेच चार वर्षे, आणि त्यांच्याइतक्या चांगल्या सोयींशिवाय, का शिकवत बसायचे? संगणकाच्या पदवीचा उपयोग त्या सिव्हिलच्या मुलाच्या शेजारी बसल्यावर पहिल्या महिन्यात दिसणार नाही. तो पाचव्या वर्षी दिसायला हवा, शिकलेली भाषा कालबाह्य झाल्यावर दिसायला हवा.

आपण मात्र बाजाराच्या मागे धावतो आणि दर वेळी उशिरा पोचतो. माझ्यासारख्या हजारो शिक्षकांनी टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर मुलांना शिकवले. तो कंपायलर १९९०च्या आसपासचा. विंडोज बदलत गेल्या तसा तो चालेनासा झाला, तेव्हा डॉसबॉक्समध्ये घालून तो जिवंत ठेवला गेला. सी भाषेची प्रमाणके १९९९ला बदलली, २०११ला बदलली, आणि कितीतरी लॅबमध्ये ‘व्हॉइड मेन’ आणि ‘क्लिअर स्क्रीन’ हीच सुरुवात राहिली. दुसऱ्या टोकाला शाखांची नावे दर वर्षी नवी होतात : एआय आणि डेटा सायन्स, एआय-एमएल, सायबर सिक्युरिटी, आयओटी. कॅप राउंडमध्ये कोणत्या नावाला मागणी आहे ते पाहून जागा वाढतात. २०२४-२५पासून एआयसीटीईने शाखेच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादाही काढली, त्यामुळे संगणकाच्या तुकड्या आणखी फुगल्या. जुने साधन सोडवत नाही आणि नवे नाव सोडवत नाही, या दोन्हींचे मूळ एकच आहे. आपण कशासाठी शिकवतो ते ठरलेले नाही.

मागे वळून पाहिले तर ते ठरलेले होते असे दिसते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांनी निर्वात नळ्यांवर चालणारा टिफ्रॅक बांधला, तो १९६०मध्ये कामाला लागला. १९६३मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएमचा १६२० हा संगणक आला आणि तिथे प्रा. व्ही. राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोग्रामिंग शिकवायला सुरुवात केली; देशभरातले अभियंते थोड्या दिवसांच्या अभ्यासवर्गांना कानपूरला जात. राजारामन यांची स्वस्त छपाईची पुस्तके पुढे गावोगावच्या कॉलेजांत पोचली. त्या पिढीने पंच कार्डांवर फोरट्रान लिहिले. पंच कार्डे गेली, १६२० गेला. त्या माणसांची उपयुक्तता मात्र संपली नाही. पुढची तीस-चाळीस वर्षे या देशातल्या संस्था, कंपन्या आणि संशोधनकेंद्रे त्यांनी चालवली. कारण ते फक्त कार्ड पंच करायला शिकले नव्हते. एखादे काम यंत्राकडून करून घ्यायचे तर त्याचे किती बारीक तुकडे पाडावे लागतात, यंत्राची मर्यादा कुठे येते आणि आलेले उत्तर खरे कशावरून, हे ते शिकले होते.

याचा अर्थ काय, ते एका उदाहरणावर नीट उलगडून दाखवते. बायनरी सर्च. तो डेटा स्ट्रक्चर्समध्ये असतो, प्रॅक्टिकलच्या यादीत असतो, ओरलला हमखास विचारला जातो. चढत्या क्रमाने लावलेल्या यादीत एखादी संख्या शोधायची, तर मधली संख्या पाहायची. हवी ती तिच्याहून मोठी असेल तर डावा अर्धा भाग सोडायचा, लहान असेल तर उजवा. दहा लाख नोंदींतली एक नोंद जास्तीत जास्त वीस तुलनांत सापडते. कल्पना दहावीच्या मुलालाही कळेल इतकी सोपी आहे.

आता तिचा इतिहास पाहा. १९४६मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमधल्या व्याख्यानांत जॉन मॉकली यांनी ती मांडली. कोणत्याही लांबीच्या यादीवर बिनचूक चालणारी कृती छापून यायला त्यानंतर जवळजवळ दीड दशक गेले. जॉन बेंटली कसलेल्या प्रोग्रामरांच्या वर्गात हा प्रोग्राम लिहायला देत. हाताशी दोनेक तास असूनही बहुतेकांच्या उत्तरात चूक निघे. आणि २००६मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केले, की जावाच्या लायब्ररीत त्यांनी लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये सुमारे नऊ वर्षे एक चूक दडून होती. तीच चूक बेंटलींच्या गाजलेल्या पुस्तकातही होती.

ही चूक मध्य काढण्याच्या ओळीत आहे. आपण दोन टोकांची बेरीज करतो आणि दोनने भागतो. बेरीज इंटिजरच्या मर्यादेबाहेर गेली की ती ऋण होते. जावामध्ये हे घडायला शंभर कोटींहून मोठी ॲरे लागते. टर्बो सीमध्ये इंटिजर सोळा बिटांचा, म्हणून त्याची मर्यादा ३२७६७. तिथे वीस हजारांची ॲरे पुरते. ० ते १९९९९ अशा जागांमध्ये शेवटाकडची संख्या शोधायला घ्या. पहिला मध्य ९९९९, दुसरा १४९९९. तिसऱ्या फेरीला डावे टोक १५०००, उजवे १९९९९, बेरीज ३४९९९. ती मावत नाही. यंत्राच्या हिशेबी ती उणे ३०५३७ होते आणि मध्य निघतो उणे १५२६८. प्रोग्राम ॲरेच्या बाहेरची कुठली तरी जागा वाचतो आणि कसलाही इशारा देत नाही. दुरुस्ती एका ओळीची आहे : दोन टोकांतले अंतर काढा, ते निम्मे करा आणि डाव्या टोकात मिळवा. १५००० अधिक २४९९, म्हणजे १७४९९.

आपल्या लॅबमध्ये हा प्रोग्राम दहा आकड्यांवर चालवला जातो. दहा आकड्यांवर ही चूक कधीच दिसत नाही. आउटपुट येते, जर्नलवर सही होते.

फळ्यावर हे गणित मांडले की वर्गातून एक प्रश्न जवळजवळ दर वर्षी येतो : मॅडम, मग आपला प्रोग्राम बरोबर आहे हे ठरवायचे कसे? माझ्या दृष्टीने संगणकशास्त्राचे शिक्षण या प्रश्नापासून सुरू होते. त्याचे उत्तर देता येते. लूपच्या प्रत्येक फेरीआधी कोणते विधान खरे असते ते शोधायचे. इथे ते असे : शोधायची संख्या यादीत असेलच, तर ती या दोन टोकांच्या मधेच आहे. हे विधान सुरुवातीला खरे आहे का, प्रत्येक फेरीनंतर खरे राहते का, आणि लूप थांबला की त्यातून हवे ते निष्पन्न होते का, हे तपासायचे. जोडीला प्रत्येक आकडा यंत्रात मावतो का, तेही पाहायचे. हे ज्याला जमले त्याला कोणतीही भाषा द्या, त्याचे अडत नाही.

आपल्या पेपरात मात्र प्रश्न येतो : बायनरी सर्च उदाहरणासह स्पष्ट करा, सहा गुण. गाईडमधली आकृती उतरवली की सहापैकी पाच मिळतात. त्याऐवजी वरची चुकीची ओळ असलेला प्रोग्राम द्या आणि विचारा : हा कोणत्या इनपुटवर मोडेल? ॲरे रिकामी असेल तर? हवी ती संख्या दोनदा असेल तर कोणती सापडेल? एका वाक्यात कारण द्या. असा प्रश्न पाठ करून येत नाही, आणि तो तपासायला शिक्षकाला आकृतीवाल्या उत्तरापेक्षा कमी वेळ लागतो.

तेव्हा पहिले उद्दिष्ट मी असे लिहीन : स्वतः लिहिलेले किंवा दुसऱ्याने लिहिलेले काम बरोबर आहे की नाही हे कारणासह सांगता येणे, ते किती वेळ घेईल, किती जागा घेईल आणि कुठे मोडेल, याचा अंदाज ते चालवण्याआधी करता येणे.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९८८च्या एका निबंधात याच्याही पुढे जाऊन म्हटले होते, की पहिल्या प्रोग्रामिंगच्या वर्गात शिकवायची भाषा कॅम्पसवरच्या कोणत्याही संगणकावर चालणारी नसावी, म्हणजे मुलांना चालवून पाहण्याचा मोहच होणार नाही. प्रोग्रामही लिहायचा आणि तो बरोबर असल्याची सिद्धताही. मला हे इतके कडक नको वाटते. आपल्या मुलांपैकी अनेकांच्या हातात संगणक पहिल्यांदा कॉलेजातच येतो. आपण लिहिलेले चालते आहे हे पाहण्याचा आनंद त्यांच्याकडून काढून घेऊ नये. त्या आनंदावरच पुढचे कष्ट सोसले जातात. पण चालले म्हणजे झाले, या समजावर डाइक्स्ट्रांनी घेतलेला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. चालवणे आणि सिद्ध करणे हे दोन्ही पहिल्या सेमिस्टरपासून बरोबरीने हवे.

आणि आता तर याला पर्यायच राहिलेला नाही. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आले. त्यानंतर आपल्या प्रॅक्टिकलच्या यादीतला एकही प्रोग्राम असा उरला नाही, जो मुलाला मोबाइलवर काही सेकंदांत तयार मिळत नाही. काही सहकारी म्हणतात, बंदी घाला. काही म्हणतात, आता प्रोग्रामिंग शिकवायचेच कशाला? दोन्ही मतांत प्रोग्राम टाइप करणे हेच शिक्षण, असे गृहीत आहे. यंत्राने लिहून दिलेला प्रोग्राम दिसायला नीटनेटका असतो, कंपाइल होतो, दहा आकड्यांवर चालतो. तो विसाव्या हजारावर मोडेल हे ओळखणारा माणूस कोण असणार? लिहिणे जितके स्वस्त होईल तितके पारखणे महाग होईल. ज्या मुलीने स्वतःच्या हाताने शंभर वेळा चुकून दुरुस्त केले आहे, तिलाच हे पारखणे येते. म्हणून पहिली दोन वर्षे स्वतः लिहिणे हवे आणि पुढची दोन वर्षे यंत्राने लिहिलेले तपासणे अभ्यासक्रमात उघडपणे हवे, गुणांसकट.

दुसरे उद्दिष्ट आपल्या भाषेशी निगडित आहे. आपण मराठी मुलांना संगणक शिकवतो आणि चार वर्षांत त्यांच्या प्रोग्राममधून एकही मराठी अक्षर जात नाही. स्ट्रिंगचे सगळे प्रयोग ‘हॅलो वर्ल्ड’वर होतात. एकदा ‘मराठी’ हा शब्द यूटीएफ-८मध्ये घेऊन सी भाषेतल्या ‘स्ट्रलेन’ला त्याची लांबी विचारा. उत्तर येते १५. वाचणाऱ्याला अक्षरे तीन दिसतात, युनिकोडच्या हिशेबी चिन्हे पाच आहेत आणि प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. हा शब्द उलटा करायला सांगा, बाइट उलटे झाले की पडद्यावर कचरा येतो. चिन्हे उलटी केली तर वेलांटी आधी येते आणि ठ मागाहून. ‘क्ष’ हे एक अक्षर की तीन चिन्हे? कर्सर त्यावरून एका दाबात पुढे जावा की तीन? एका तासाच्या प्रॅक्टिकलमध्ये मुलांना कळते की अक्षर, चिन्ह आणि बाइट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीत त्या योगायोगाने एकच दिसतात, म्हणून तो भेद पुस्तकांतल्या उदाहरणांतून कधी समोरच येत नाही.

पुढे यादी लावायला सांगा. युनिकोडच्या क्रमांकांनुसार लावली तर ‘काळे’ आधी आणि ‘काशीकर’ नंतर, कारण तिथे ळ हा ल ला लागून बसवला आहे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून काशीकर आधी यायला हवेत. मतदार यादी असो, ग्रंथालयाची सूची असो की बोर्डाचा निकाल, नावे कोणत्या क्रमाने लावायची हे ठरवणारा प्रोग्राम कुणीतरी लिहिलेला असतो. तो लिहिणाऱ्याला वर्णमाला आणि सॉर्टिंग दोन्ही आले पाहिजे. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्रज्ञान घडवले आणि १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते काम तिथे वाढले. मूळ विषय पक्का असलेल्या माणसांनी स्वतःच्या भाषेचा प्रश्न हातात घेतला, म्हणून ते झाले. आज मराठीचे शुद्धलेखन तपासणे, बोललेले लिहून काढणे, जुन्या फॉन्टमध्ये अडकलेला सरकारी आणि साहित्यिक मजकूर सोडवणे, ही कामे पडून आहेत. ती आपल्या मुलांनी नाही केली तर कोण करणार? २०२१पासून अभियांत्रिकी भारतीय भाषांतून शिकवण्याला एआयसीटीईने मान्यता दिली, पुस्तकेही भाषांतरित होत आहेत. मराठीतून संगणक शिकवणे हे चांगलेच. पण संगणकाला मराठी शिकवणे हा अभ्यासक्रमाचा भाग झाला, तर इंग्रजी माध्यमाच्या वर्गालाही त्याचा तितकाच लाभ होईल.

सैद्धांतिक विषयांबद्दल थोडेच लिहिते. ‘थिअरी ऑफ कम्प्युटेशन’ काढून टाका, त्याजागी बाजारातले काहीतरी घ्या, अशी मागणी वारंवार होते. कृपा करून ती मान्य करू नका. कोणताही प्रोग्राम दिला तरी तो थांबेल की नाही हे नेमके सांगणारा एक सर्वसाधारण प्रोग्राम असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६मध्ये सिद्ध केले. तेव्हा आजच्या अर्थाने संगणक अस्तित्वातही नव्हता. आपल्या यंत्राला काय कधीच जमणार नाही हे माहीत असलेला माणूस खोट्या आश्वासनांना भुलत नाही. हा विषय कंटाळवाणा होतो तो आपल्या शिकवण्यामुळे.

तिसरे उद्दिष्ट मला सगळ्यांत निकडीचे वाटते : आपला प्रोग्राम चुकला तर फटका कुणाला बसेल, हे ओळखता येणे. ब्रिटनच्या टपाल खात्यात १९९९पासून होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली बसवली गेली, फुजित्सू कंपनीची. तिच्यातल्या दोषांमुळे गावोगावच्या टपाल कार्यालयांच्या हिशेबात खोटी तूट दिसू लागली. संगणक चुकत नाही असे धरून ती कार्यालये चालवणाऱ्या नऊशेहून अधिक माणसांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, काहींनी नसलेली तूट घर गहाण ठेवून भरली. अखेर २०२४मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. प्रणालीत दोष आहेत हे आतल्या तंत्रज्ञांना ठाऊक होते.

आपल्याकडे सातबारा ऑनलाइन आहे, रेशन अंगठ्याच्या ठशावर मिळते, शिष्यवृत्ती पोर्टलवरून येते. २०२१पासून शेतकरी ई-पीक पाहणी मोबाइलवरून करतो. ‘सिस्टीममध्ये तुमचे नाव नाही’ हे वाक्य तहसील कचेरीच्या खिडकीवर ऐकलेले लोक प्रत्येक गावात आहेत. त्या वाक्याच्या मागे आपल्या कुणातरी विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्राम आहे. ठसा उमटत नाही अशा म्हातारीसाठी त्याने कोणती वाट ठेवली? शिवारात रेंज नव्हती म्हणून नोंद फोनमध्येच राहिली, आणि त्याच गटाची दुसरी नोंद दुसऱ्या फोनवरून आधी पोचली, तर कोणती धरायची? हा वितरित प्रणालींतला अस्सल तांत्रिक प्रश्न आहे आणि त्याच वेळी तो कुणाला पीकविमा मिळेल हा प्रश्न आहे. नीतिशास्त्राचा दोन क्रेडिटचा वेगळा पेपर लावून हे शिकवता येत नाही. डेटाबेसच्या तासालाच विचारायला हवे : ही नोंद चुकीची असेल तर ज्याची आहे त्याला ते कळेल कसे, आणि दुरुस्त करून घेता येईल कसे? प्रत्येक प्रोजेक्टच्या परीक्षेत हा प्रश्न सक्तीचा करा.

हे सगळे कोण शिकवणार, असे आपण विचाराल, आणि ते योग्यच आहे. अनेक महाविद्यालयांत निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर किंवा अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर आहेत. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ज्याला माहीत नाही, तो नवा प्रश्नसंच कशाला घडवेल? जे कायम आहेत त्यांचे दिवस नॅक आणि एनबीएच्या फायलींत जातात. सीओ-पीओ मॅपिंगच्या तक्त्यात प्रत्येक विषयाची फलिते एक, दोन, तीन असे आकडे देऊन जुळवायची असतात. अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४मध्ये पूर्ण सदस्य झाला, त्यानंतर ही पद्धत पक्की झाली. तिचा मूळ हेतू चांगला आहे, विद्यार्थ्याला काय येते ते विचारा, असाच आहे. प्रत्यक्षात मात्र तक्ता भरणे हेच काम होऊन बसले आणि तो ज्याविषयी आहे ते तपासायला वेळ उरला नाही. सत्तर-पंचाहत्तर मुलांच्या वर्गात, वीसच्या बॅचला दोन तासांत वीस जर्नलांवर सह्या करताना कुणाला बायनरी सर्चचा उणे मध्य दाखवायला सुचेल? शिक्षकांच्या नेमणुका आपल्या हातात नाहीत, हे मी जाणते. पण जर्नल आपल्या हातात आहे. पेपरचा आराखडा आपल्या हातात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ने अभ्यासक्रम सुचवण्याचे काम आपल्या मंडळांना दिले आहे, ते कुणी काढून घेतलेले नाही.

म्हणून माझ्या मागण्या आपल्या हातातल्याच आहेत. हाताने प्रोग्राम उतरवून काढायचे जर्नल बंद करा. त्याजागी विद्यार्थ्याने वर्षभर एकच प्रोग्राम वाढवत न्यावा, आणि प्रत्येक टप्प्यावर काय चुकले, का चुकले, कसे सापडले, एवढेच लिहावे. एक्स्टर्नलने ओरलला त्यावरच बोलावे. लेखी परीक्षेत निदान चाळीस टक्के गुण न पाहिलेल्या, चुका असलेल्या प्रोग्रामवर ठेवा. युनिटची संख्या कमी करा. सहा युनिटे धावत संपवण्यापेक्षा चार नीट झालेली बरी. मराठी मजकुरावरचे एक प्रॅक्टिकल दुसऱ्या वर्षी सक्तीचे करा. शेवटच्या वर्षाच्या विकत मिळणाऱ्या प्रोजेक्टांचा धंदा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्याच प्रोजेक्टमध्ये एक लहान बदल करायला सांगा, तो धंदा एका वर्षात बसेल.

आणि पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिला विषय ‘उद्दिष्टे’ हा घ्या. युनिट, क्रेडिट, पुस्तके नंतर. प्रत्येक सदस्याने त्या दिवशी येताना आपल्या विषयासाठी एक पान लिहून आणावे : हा विषय शिकलेल्या मुलीला काय येईल, आणि ते तिला येते हे आपण कसे तपासू. मराठीत लिहा, साध्या शब्दांत लिहा, तिच्या आईवडिलांना वाचून दाखवता येईल असे लिहा. ती पाने विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाच्या आधी प्रसिद्ध करा, म्हणजे आम्हा शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना त्यावर बोलता येईल. आपल्यापैकी कुणी हे पान लिहायला घेतले आणि सोबत बसायला एखादी शिक्षिका हवी असेल, तर मला बोलवा, मी येईन.

आपली नम्र,
संगणकशास्त्राची एक शिक्षिका